अक्कानं पारखलेलं विमान

दाजींनी विमान घ्यायचं ठरवलं तेव्हा मी कळंबला त्यांच्या ओसरीवर बसून पोहे खात होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "विमान घ्यावं म्हंतो."

"घ्या की," मी म्हणालो. "खिडकीजवळचं घ्या."

"तिकीट न्हाई वो. विमान. आख्खं."

पोह्यातला शेंगदाणा माझ्या घशात अडकला. दाजी शांतपणे पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सेकंडहँड. नवं न्हाई. नवं घेण्याएवढा मी काय येडा हाय का?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बटाट्यातला माणूस. सातगाव पठारावर स्वतःच्या रानातला बटाटा काढून, स्वतःच्याच टेंपोत भरून, स्वतःच बाजारात नेणारा. तिथून सुरुवात करून त्यांनी शीतगृहं बांधली, बियाण्याचा धंदा जमवला. आता वेफर्सच्या कारखान्यांसाठी त्यांचा बटाटा इंदूरला पिकतो, हुबळीला पिकतो, गुजरातेत डीसालाही पिकतो. हंगामात ते महिन्यातले वीस दिवस गाडीत असत. मणक्याच्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा बजावलं होतं, "एक तर बटाटा सोडा, नाही तर गाडी." दाजींनी डॉक्टर सोडला.

पण त्या वर्षी एक गोष्ट घडली. इंदूरचं विमान गाठायला ते पहाटे निघाले आणि चाकणला अडकले. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, शेजारी उसाचा ट्रॅक्टर. विमानाची वेळ झाली तेव्हा ते अजून मोशीच्या अलीकडंच होते, आणि त्यांच्या डोक्यावरून एक विमान गेलं. ते इंदूरचंच होतं असं दाजींचं ठाम मत आहे. इंदूरला पोचले तेव्हा राजकोटचा एक व्यापारी, स्वतःच्या छोट्या जेटनं येऊन, सौदा करून, दुपारच्या जेवणाला घरी परत गेलेला होता. सौदा दाजींच्या हक्काचा होता. तो गेल्याचं दुःख त्यांना झालं, पण "जेवायला घरी गेला" हे वाक्य त्यांच्या मनात फार खोल रुतलं.

मला बोलावण्याचं कारण माझं इंग्रजी. निरगुडसरजवळच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तीनही काळ आणि कर्मणी प्रयोग यांत मला कोणी हरवू शकत नाही. पण विमानाच्या कागदांत कर्मणी प्रयोगाचा काही उपयोग नसतो, हे मला पुढं कळायचं होतं.

अक्का, माझी बहीण, तेव्हा अंगणात धुणं वाळत घालत होती. धंद्यात सगळं बोलायचं दाजींनी आणि शेवटचा होकार अक्काचा, अशी त्यांच्या घराची रीत. दाजींनी तिला हाक मारून सांगितलं. तिनं दांडीवरची चादर झटकली, पिना लावल्या, आणि मग विचारलं, "बांधायचं कुठं?"

"बांधायला ते काय जनावर हाय का?"

"मंग लावायचं कुठं? आपल्या दारात टेंपो लावला तरी शेजारी भांडतो."

दाजींनी माझ्यासाठी पोह्यांची दुसरी प्लेट मागवली.

ही बातमी गावात फुटायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही, कारण मी घरी पोचायच्या आधीच ती निरगुडसरला पोचली होती. चौकात एकानं मला अडवलं. "मास्तर, दाजींनी इमान घेतलं म्हनं. उतरायचं कुठं? आमचं माळरान हाय बगा, एकदम सपाट. दोन दगडं काढली का झालं." दुसऱ्याला दिवाळीत लेकीला नागपूरहून आणायची होती. एका भावकीतल्यानं दाजींना गाठून सरळच विचारलं, "राव, डायवर ठेवणार आसाल तर आमच्या जावयाला ठेवा. टँकर लई भारी चालवतो."

दाजी सगळ्यांना हो म्हणत होते. माणूस नाही म्हणायला शिकला असता तर मणका एवढा झिजला नसता.

मग दलाल आला. विमानांचेही दलाल असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हा पुण्याचा होता, अत्तर लावलेला, मोबाईलवर विमानाचे फोटो दाखवणारा. समुद्रकाठच्या एका शहरातल्या उद्योजकाच्या घरचं जेट होतं. दोन इंजिनं, सहा माणसं, पांढरंशुभ्र, पोटावर निळा पट्टा. आत मलईच्या रंगाच्या कातडी खुर्च्या.

"साहेब, एकहाती वापरलंय," दलाल म्हणाला. "उड्डाणाचे तास बघा. सायकल्स तर फारच कमी आहेत."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "सायकली पन देतेत व्हय बरुबर?"

मी तीस वर्षांच्या अनुभवाच्या बळावर म्हणालो, "उतरल्यावर जवळपास फिरायला देत असतील."

दलाल खोकला. सायकल म्हणजे एकदा उडणं आणि एकदा उतरणं, असा हिशेब असतो, हे त्यानं फार सभ्यपणे समजावून सांगितलं. त्या दिवसापासून दाजींचा माझ्या इंग्रजीवरचा विश्वास उडाला. अक्कानं मात्र तिथल्या तिथं निर्णय घेतला. "आपल्याला ह्यातलं कळणारं मानूस पायजे. मास्तरला फक्त वाचता येतंय."

तसा माणूस माळशेजजवळच्या मढला मिळाला. फौजेत वीसएक वर्षं विमानांच्या दुरुस्तीवर काम करून निवृत्त झालेला, पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा गृहस्थ. नंतर काही वर्षं खाजगी विमानांची तपासणीही त्यानं केली होती. आता मढला भात लावत होता. अक्काच्या नात्यातल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. तो आला, चहा प्याला, आणि एकच वाक्य बोलला, "घिरट्या कितीबी घालू द्या, मी आतून उघडून बघितल्याबिगर पैका सोडायचा न्हाई." आम्ही त्याला 'फौजी' म्हणायला लागलो.

ठरलं असं, की विमान पुण्याला येईल, आम्हाला घेऊन सिन्नरच्या पलीकडं, विमानतळाच्या ओझरला जाईल, आणि तिथल्या एका हँगरात फौजी त्याची तपासणी करेल.

त्या दिवशी आम्ही चाकणच्या भीतीनं इतक्या लवकर निघालो, की विमानतळावर दोन तास आधी पोचलो. दाजींनी नवा काळा चष्मा घेतला होता. अक्कानं इरकली नेसली होती आणि बरोबर चपात्या, मटकीची उसळ, ठेचा असा डबा घेतला होता. "अर्ध्या तासाचा बी प्रवास न्हाई," दाजी म्हणाले. "बैलगाडीत बसा न्हायतर इमानात," अक्का म्हणाली, "भूक काय इचारून लागतीय?"

विमान समोर आलं. फोटोत दिसलं होतं त्याहून ते लहान होतं आणि कितीतरी देखणं होतं. चकचकीत. उन्हात त्याच्याकडं बघवत नव्हतं. दाजींचा चेहरा पाहून मला त्यांचं लग्न आठवलं. अंतरपाट खाली आल्यावरसुद्धा त्यांनी असंच तोंड केलं होतं.

अक्कानं मात्र पदर खोचला आणि विमानाभोवती एक सावकाश फेरी मारली. मी तिला ओळखतो. आमचे वडील मेंढ्या राखायचे. मी सहा वर्षांनी धाकटा, त्यामुळं मला त्यातलं फारसं आठवत नाही. पण अक्का दहा-अकरा वर्षांची असल्यापासून वडिलांबरोबर बाजारात जायची. वडील मेंढ्याचं तोंड उघडून दात बघायचे, खूर उचलून बघायचे आणि मग लोकर दोन्ही हातांनी फाकवून आतलं कातडं बघायचे. अक्का शेजारी उभी राहून हे सगळं शिकली.

"ह्याला रंग कधी दिला?" तिनं दलालाला विचारलं.

"नुकताच, ताई. एकदम फ्रेश."

"आन् आतलं जाजम?"

"तेही नवं टाकलंय. खास तुमच्यासाठी."

अक्का माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "इकायच्या आदल्या दिवशी मेंढरू धुत्यात, तसं वाटतंय." मग परत दलालाकडं वळून, "भाऊ, हे आजवर राहिलं कुठं? म्हंजी मुक्कामाला?"

"पश्चिमेला," दलाल म्हणाला.

"पश्चिमेला लई मुलूख हाय. छपराखाली का उघड्यावर?"

"ताई, आधी बसून तर बघा!"

आम्ही बसलो. दाजींनी डावीकडची सगळ्यात मोठी खुर्ची धरली. समोर अक्का, पलीकडं मी आणि फौजी, मागं दलाल. वैमानिक दोघं फार अदबीनं वागत होते. एकानं पट्टे लावून दिले, पाण्याच्या बाटल्या दिल्या. मी मागं वळून विचारलं, "संडास?" वैमानिकानं एका खुर्चीवरची गादी उचलून दाखवली. खाली भोक होतं आणि बाजूला एक पडदा होता. अक्कानं ते पाहिलं आणि पाण्याची बाटली जशीच्या तशी परत दिली.

मग ते उडालं. टेकडीवरून सुटलेल्या दगडासारखं, फक्त वरच्या दिशेनं. दाजींनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च पकडली आणि डोळे मिटले. काळ्या चष्म्यामुळं ते कुणाला दिसणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

वैमानिकानं परवानगी घेऊन थोडं पश्चिमेकडून न्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे आपला मुलूख दिसेल. त्यानं मागं वळून सांगितलं, "उजवीकडं मंचर, कळंब." दाजी डावीकडं बसले होते. "उजवीकडं? आरं मंग आधी सांगायचं ना!" त्यांनी पट्टा सोडायची धडपड सुरू केली, तो सुटेना, फौजीनं सोडवून दिला, ते माझ्या मांडीवर जवळजवळ आडवे होऊन खिडकीशी पोचले. खाली डोंगर होते.

"घर कुठंय?"

"मागं गेलं," फौजी म्हणाला.

"गेलं बी? आवो, बंगला हाय माझा, तीन मजली!"

मी हसू दाबत अक्काकडं वळलो. ती हसत नव्हती. तिचं कपाळ काचेला टेकलं होतं. खाली डिंभ्याचं पाणी मागं पडत होतं, पुढं जुन्नरचे डोंगर, मग मढची बाजू, जोगा धरणाचं पाणी आणि त्याच्या पलीकडं एकदम तुटलेला कडा. माळशेज. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड ह्याच वाटेनं कोकणात उतरायचं. घोड्यावर भांडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि कोकरांच्या मध्ये मी. अक्का पायी. मेंढरांच्या मागं, काठी घेऊन.

"आपल्या गावापून मढपोत्तर किती दिस लागायचे, आठवतंय का?" तिनं विचारलं.

"मी घोड्यावर झोपलेलो असायचो."

"नऊ. धा. कुणी रानात बसवून घेतली मेंढरं, खतासाठी, तर बारा." ती पुन्हा खाली बघायला लागली. "ती वळणाची वाट दिसती का? तिथं माझी व्हान तुटली व्हती. वडलांनी सुतळीनं बांधून दिली. म्हणले, घाट उतरू, मंग नवी घेऊ."

"घेतली का?"

"घेतली की. लाल."

तिनं पदरानं काच पुसली. काच आधीच स्वच्छ होती. मी दुसरीकडं बघितलं. तेवढ्यात माळशेज मागं गेला आणि विमान उजवीकडं कललं. दाजी ओरडले, "मास्तर, धरा मला!"

ओझरच्या हँगरात फौजीनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. विजेरी, आरसा लावलेली एक काठी आणि इंजिनाच्या आत घालायची बारीक कॅमेऱ्याची नळी, असं त्याचं सामान होतं. इंजिनं त्यानं तासभर बघितली. "इंजान चांगलं हाय," तो म्हणाला. दलालानं सुटकेचा श्वास सोडला आणि दाजींनी त्याला मिठीच मारली. मग चाकं पाहिली, दुरुस्तीच्या नोंदवह्या पाहिल्या. वह्यांतलं इंग्रजी मी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि फौजी मला मध्येच थांबवून "हे पुन्हा वाचा" म्हणायचा. फार वर्षांनी माझं कुणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं.

"झालं ना मग?" दलालानं विचारलं.

"जाजम उचला," अक्का म्हणाली.

"ताई, ते चिकटवलेलं आहे. खराब होईल."

"आमचंच होनार हाय ना? होऊ द्या खराब."

दलाल म्हणाला, असं कुणी करत नाही. फौजी म्हणाला, सगळे करतात. दाजी म्हणाले, "आगं, कशाला उगं..." आणि अक्कानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. जाजम उचललं. फौजीनं मागच्या खुर्चीचे स्क्रू काढले, खालची फळी सोडवली आणि विजेरी टाकली.

खाली धातूवर पांढरा भुगा होता. ठिकठिकाणी फुगलेला, पोपडे धरलेला. अक्कानं वाकून बोटावर घेतला. "मीठ हाय का हे?"

"मीठ न्हाई," फौजी म्हणाला. "पर मिठानंच केलंय. समुद्राच्या वाऱ्यात, उघड्यावर उभं ऱ्हायलंय हे. आल्युमिनला गंज चढला का आसा पांढरा भुगा व्हतो. संडासाचं पानी बी झिरपलंय वरून."

"थोडासा गंज तर चालतो हो," दलाल म्हणाला.

"गंज चालत न्हाई भाऊ," फौजी म्हणाला, "पळतो."

अक्का माझ्याकडं वळली. "कोकणात पावसात राहिलेल्या मेंढराचं आसंच व्हायचं. वरून लोकर झकास, खालून खुरं सडलेली." एवढं बोलून तिनं डबा उघडला आणि हँगरातल्या सगळ्यांना चपाती-उसळ वाढली. दलालालाही. त्यानं गुपचूप खाल्ली आणि ठेचा दोनदा मागून घेतला.

परतीचा प्रवास टॅक्सीनं केला. सिन्नर आलं, संगमनेर गेलं. काळा चष्मा दाजींनी खिशात ठेवून दिला होता. नारायणगावला मिसळ खायला थांबलो तर त्यांनी अर्धी ठेवली. मला खरंच वाईट वाटलं. माणूस लेकरासारखा हरखला होता. अक्का त्यांच्या ताटलीतली उरलेली मिसळ संपवत म्हणाली, "तोंड पाडू नका. मी घ्यायचं न्हाई आसं कुठं म्हणलं? हे घ्यायचं न्हाई म्हणलं. कोरड्या मुलखातलं बघा."

दाजींनी मान वर केली. "म्हंजी घ्यायचं?"

"मणका तुमचा हाय, पर रात्री कण्हता तवा झोप माझी मोडती."

कोरड्या मुलखातलं मिळायला पुढचे चार महिने गेले. राजस्थानच्या बाजूला एका शहरात ते उभं होतं, छपराखाली. पहिल्यापेक्षा वयानं मोठं. खुर्च्यांचं कातडं विटलेलं, जाजम मळकट, रंग कुठं कुठं उडालेला. दाजी बघून म्हणाले, "हे तर आपल्या जुन्या टेंपोवानी दिसतंय." फौजीनं दोन दिवस लावून सगळं उघडलं, सगळं बंद केलं, आणि अक्काला म्हणाला, "वहिनी, कातडं एक नंबर." किंमत मी इथं लिहीत नाही, अक्कानं तशी शपथ घातली आहे.

घेतल्यावर पूजा आली. अक्काला नारळ विमानाच्या नाकावर फोडायचा होता. हँगरचा व्यवस्थापक घाबरून आडवा आला. बऱ्याच वाटाघाटींनंतर नारळ बाहेर, शंभर पावलांवर, एका दगडावर फुटला. चाकाखाली लिंबं ठेवायलाही त्यानं मनाई केली, जमिनीवर काहीही सुटं ठेवायचं नाही, इंजिन ओढून घेतं म्हणाला. शेवटी लिंबू-मिरची विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला बांधली. ट्रॅक्टरच्या चालकाला फार आनंद झाला. त्याच्या वाहनाची पूजा आजवर कुणी केली नव्हती.

मुक्कामाची जागा ओझरलाच मिळाली. कळंबहून ते लांब पडतं, पण रस्ता चाकणच्या उलट्या दिशेनं जातो, आणि दाजींना तेवढं पुरेसं होतं.

गंमत पुढं झाली. विमानात दाजींचा जीव रमेना. गाडीत ते ड्रायव्हरशी सतत बोलत असत, वाटेतल्या प्रत्येक ढाब्यावर त्यांच्या ओळखी होत्या. इथं वैमानिक कानाला यंत्र लावून बसलेले, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलणारे. वर ढगांत ढाबा नाही, आणि उतरताना कान दुखायचे. तिसऱ्या फेरीनंतर ते म्हणाले, "ह्यात बसल्यावर आपुन कुरियरचं पाकीट झाल्यासारखं वाटतं राव."

मग अक्का जायला लागली. डीसा, इंदूर, हुबळी. कागद वाचायला बरोबर मी. ती शेतात जाऊन बटाटा उकरून, मोडून, दातानं चावून बघते, तिथल्या बायांशी अर्धी हिंदी, अर्ध्या खुणा करत बोलते, आणि निघताना काहीतरी खायला घेऊन येते. राजकोटच्या त्या व्यापाऱ्याशी इंदूरला तिची गाठ पडली. त्यानं तिला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बहनजी, आपका जहाज कितना पुराना है?" अक्का म्हणाली, "हमारे मालक से छोटा है." तो इतका हसला की सौदा अर्धा-अर्धा करायला तयार झाला.

परवा आम्ही हुबळीहून परत आलो. दुपारचे चार वाजले होते. ओझरच्या फाटकाबाहेर दाजी स्वतः गाडी घेऊन उभे होते. आताशा ते दर वेळी येतात. ड्रायव्हरला सुट्टी देतात, मणक्याला पट्टा बांधतात आणि स्वतः चालवत येतात. नव्या डॉक्टरांना हे सांगायचं नाही असं आम्हाला बजावलंय.

"कसं काय झालं हुबळीला?" त्यांनी दार उघडून विचारलं.

अक्कानं सांगायला सुरुवात केली, पण सिन्नरच्या घाटापर्यंत तिला झोप लागली. दाजींच्या ते लक्षातच आलं नाही. ते आरशात बघत तिला गावातल्या सगळ्या बातम्या सांगत होते. कुणाचा बोअर लागला, बिबट्यानं कुणाच्या किती कोंबड्या नेल्या, भावकीतल्या त्या जावयानं टँकर कुठं घातला. ती झोपेत अधूनमधून "हं" म्हणत होती.

मी पुढं बसून ऐकत होतो. संगमनेरला त्यांनी गाडी थांबवली आणि तिला न उठवता तिच्यासाठी उसाचा रस आणला, बिनबर्फाचा.